झाड आधी, मिरवेल मागाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गोव्यात गावोगावी रोपं वाटण्याचे कार्यक्रम होतात. उपक्रम चांगला आहे आणि तो चालूच राहावा, म्हणूनच हे पत्र. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या अशाच एका कार्यक्रमात घरटी फणसाचं एक रोप आणि मिरवेलीची एक पिशवी अशी जोडी मिळाली. सोबत एक छापील कागद होता: दोन्ही एकाच खड्ड्यात लावा, शेणखत घाला, रोज पाणी द्या. लोकांनी विश्वासाने तसंच केलं. यंदा एप्रिलमध्ये आजूबाजूच्या परसांत डोकावले, तर बहुतेक वेली करपून गेल्या होत्या. जे फणस जगले होते त्यांची पानं पिवळी पडली होती. चूक लोकांची नाही, त्या कागदाची आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या केरी गावात राहते. घरचं कुळागर, म्हणजे मिश्र पिकांची बागायत, सासूबाईंच्या मागे मीच बघते. पोफळी, माड, केळी, जायफळ आणि फणसावर चढवलेली मिरी असं आमचं साधं कुळागर आहे. तिथे रोज दिसतं ते सांगते. फणस आणि मिरी एकमेकांना धरून जन्मभर राहतात हे खरं, पण वाढायला दोघांना लागतं ते सगळं वेगळं.

फणस उन्हाचं झाड. पहिल्या दिवसापासून त्याला उघडं आकाश हवं. त्याचं सोटमूळ खोल जातं, म्हणून त्याला खोल, निचऱ्याची जमीन लागते. पिशवीत जास्त दिवस राहिलं तर हे मूळ तळाशी गुंडाळलं जातं आणि असं रोप पुढे कधी नीट उभं राहत नाही. त्यापेक्षा ताजी आठळी जागेवरच पेरलेली बरी. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी दिलं की पुढे ते आपलं आपण बघतं.

मिरी ही पश्चिम घाटाच्या रानातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी वेल. कोवळी असताना तिला निम्म्याहून जास्त सावली लागते. तिची अन्न घेणारी मुळं जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांतच पसरतात, त्यामुळे भुसभुशीत माती, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि उन्हाळ्यात ओल या तिन्ही गोष्टी तिला हव्यात. तिच्या बुडाशी कुदळ चालवायची नाही. खत घालायचं तेही वरवर माती हलवून, वेलीपासून फूटभर लांब.

आता ही दोन्ही रोपं एका खड्ड्यात एकाच दिवशी लावली तर काय होतं? मिरवेलीच्या पेरापेराला बारीक मुळं फुटतात. ती खरबरीत सालीच्या भेगांत शिरतात आणि वेल वर सरकते. फणसाची जून साल त्यासाठी फार चांगली. पण बोटाएवढ्या कोवळ्या रोपाला ना भेगा, ना सावली. वेल जमिनीवरच लोळते, मार्च-एप्रिलच्या उन्हात भाजते, नाहीतर त्या फणसालाच वेटोळं घालून त्याचा शेंडा दाबते. रोज पाणी घातलं तर फणसाच्या बुडाशी चिखल होतो, न घातलं तर वेल सुकते. एका सूचनेत दोघांना बसवायला गेलं की दोघांचं नुकसान ठरलेलं.

सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, घरं बांधलेल्यांची अडचण आणखी मोठी. तिथे हात-दीड हात मातीखाली चिरा (जांभा खडक) लागतो. चिऱ्यात खोदलेला खड्डा पहिल्या मोठ्या पावसात भरतो आणि भरलेलाच राहतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. साचलेलं पाणी फणसालाही सोसत नाही आणि मिरीला तर मुळीच नाही. जुलैत मिरीच्या पानावर काळपट ओलसर डाग दिसतो, त्याच्या कडा विस्कटलेल्या असतात. मग बुंध्याशी साल काळी पडते, बोटाने दाबली तर सुटून हातात येते, आणि बघता बघता पूर्ण वेल पानं गाळून मोकळी होते. हीच ती मर. तिची बुरशी मातीत असते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर चढते. म्हणून जमिनीवर लोळणारे फुटवे मे अखेरीस एकतर कापायचे, नाहीतर खोडाला बांधून टाकायचे. बांधायला केळीचं सोपट वापरावं, ते वेळेवर कुजून गळतं. प्लॅस्टिकची सुतळी वेलीत रुतते. पाऊस लागण्याआधी एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक (१०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना) फवारायचं आणि पावसाने उघडीप दिली की पुन्हा एकदा. यातलं एक अक्षरही त्या कागदावर नव्हतं.

झाड मोठं झालं की हिशेब उलटतो. जून वेलीला घोस धरायला उजेड हवा. वर फणसाचा डेरा दाट झाला तर वेल हिरवीगार दिसते, पण मिरी लागत नाही. त्यासाठी पावसाच्या आधी फणसाच्या खालच्या आणि आतल्या फांद्या विरळ कराव्या लागतात. वारा खेळला की मरही कमी होते. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फणस खोडालाच धरतो. मिरी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत काढायला येते, तेव्हा खोडावरचे फणस अजून लहान असतात. मिरी वेळेत उतरवली नाही, तर पुढे भरलेल्या फणसांमधून शिडी लावणं कठीण जातं आणि फणस काढताना वेली ओरबाडल्या जातात.

म्हणून माझी विनंती अशी. ज्यांच्या परसात झाड नाही त्यांना यंदा फक्त झाड द्यावं आणि वेल चार-पाच वर्षांनी, खोड मनगटाहून जाड झाल्यावर. ज्यांच्याकडे आधीच फणस, आंबा किंवा पोफळ उभी आहे त्यांना यंदाच मिरी द्यावी, तीही जुलै उजाडायची वाट न बघता जूनच्या पहिल्या पावसात. वेल झाडाच्या उत्तर किंवा ईशान्य अंगाला लावायची हेही सांगावं, कारण दक्षिण-पश्चिमेचं ऊन कोवळ्या वेलीला भाजतं. पिशवीवर जातीचं नाव लिहावं. पन्नियूर-१ ला दाट सावली मानवत नाही, करीमुंडा सावलीत तग धरते. नाव नसेल तर कुठली वेल कुठे लावायची हे घेणाऱ्याने कसं ठरवायचं? झाडाचा कागद वेगळा आणि वेलीचा वेगळा असावा. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत या पिकांची जाणकार माणसं आहेत, कागद छापण्याआधी त्यांच्याकडून तपासून घ्यावा.

पर्वरी-ताळगावच्या फ्लॅटमधल्या लोकांना मात्र वेलही नको आणि झाडही नको. मिरीच्या आडव्या, घोस धरणाऱ्या फांद्यांपासून केलेलं झुडूप-मिरीचं रोप कुंडीत छान वाढतं. त्याला आधार लागत नाही आणि बाल्कनीतलं सकाळचं ऊन पुरतं. त्यांना ते द्यावं.

या वर्षीच्या वाटपाआधी हे संबंधितांच्या नजरेस यावं, म्हणून पत्र शक्य तितक्या लवकर छापावं ही विनंती.

आपली,
एक कुळागरवाली
केरी, फोंडा