पत्ते हातात घेण्यापूर्वी हात धुणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

खेळाच्या डब्यावर आपले नाव छापायचे नाही, असे आपण मला दोनदा बजावलेत, म्हणून या पत्रातही ते लिहीत नाही. आभार मानायला मात्र आपण मनाई केली नव्हती, आणि केली असती तरी ती मी पाळली असती असे वाटत नाही.

आपल्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी प्रथम आले ती केवळ डब्यांच्या पुठ्ठ्याचा भाव विचारायला. माझ्या पिशवीत तीन कच्चे खेळ होते आणि त्यांतला कोणता पुढे न्यायचा, या विचारात दीड वर्ष गेले होते. एकट्याने खेळ घडवणाऱ्याच्या गाठीशी एका खेळापुरताच पैसा आणि तेवढाच दम असतो. निवड चुकली की माळ्यावर पाचशे डबे आणि घरात अबोला.

पहिला खेळ सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा: भला मोठा पट, १८० लाकडी सोंगट्या, २८ पानांचे नियम आणि तीन तासांची मोहीम. दुसरा आळंदी ते पंढरपूर वारीचा, ज्यात दिंडी वेळेत पोहोचली की सगळेच जिंकतात. तिसरा अवघ्या ४८ पत्त्यांचा, गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळावरून सुचलेला. दशावतारी गंजिफात १२० गोल पाने असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. सावंतवाडीच्या राजवाड्यात ती आजही हाताने रंगवली जातात. त्यातली गंमत अशी की राजा आणि प्रधान सर्वत्र वरचढ असले, तरी त्यांच्याखाली अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. एवढीच उलथापालथ उचलून मी चार रंगांचा, हुकमाशिवायचा, चौघांनी जोडीने हात करायचा डाव रचला होता. त्यावर सर्वांत कमी मेहनत घेतली म्हणून तोच सर्वांत किरकोळ, अशी माझी समजूत होती.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी जाणकारांची दारे झिजवली होती. एका गृहस्थांनी सल्ल्याचे पैसे आगाऊ घेतले, तिन्ही डब्यांत डोकावले आणि नियमांचे एक पानही न उलटता किल्ल्यांवर बोट ठेवले, कारण ‘शिवकाल खपतो’. पुढचा तासभर त्यांनी १९९५ साली आलेल्या ‘कटान’ या जर्मन पटावरच्या खेळाची कीर्ती सांगितली. त्या खेळाचे जनक क्लाऊस टॉयबर तेव्हा व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते आणि आपले कच्चे खेळ घरच्यांनाच खेळायला लावत, हे त्यांना ठाऊक असेलही. माझ्याबरोबर एक डाव टाकावा, असे मात्र त्यांच्या मनात आले नाही. एका प्रकाशकांनी तर तीन महिने डबे ठेवून घेतले आणि परत केले, तेव्हा मी लावलेली चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

आपण पुठ्ठ्याचा भाव सांगता सांगता ‘पिशवीत काय आहे?’ असे विचारलेत. मी पत्ते काढून पुढे केले आणि आपण हात मागे घेतलेत. मला वाटले, झाले, इथेही तेच. पण आपल्या हातांना मनगटापर्यंत खळ लागली होती. आपण उठून मोरीवर गेलात, साबणाने हात धुतलेत, नखांत अडकलेली खळ काडीने काढलीत, पदराला हात पुसून तळवे खिडकीच्या उजेडात धरून पाहिलेत आणि मगच ते पत्ते घेतलेत. घरच्या प्रिंटरवर छापून कात्रीने वेडेवाकडे कापलेले कागद होते ते. सोनेरी अक्षरांचे ग्रंथ रोज बांधणाऱ्या माणसाने त्यांच्यासाठी हात धुवावेत, असे त्यांत काहीही नव्हते. परतताना रिक्षात मला रडू आले, हे मी आपल्याला आजवर सांगितलेले नाही.

‘आठ दिवस तिन्ही ठेवून जा,’ एवढेच आपण म्हणालात. मी पुन्हा आले तेव्हा आपण ओशाळून म्हणालात, ‘पत्ते खराब झाले गं, नवे कापून देते.’ किल्ल्यांचा पट घडी करून दिला तसाच होता. वारीचा एक डाव झालेला दिसत होता. सगळेच जिंकल्यावर भांडायचे कशावर, असे आपल्याकडच्या एका मुलीने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. ते ४८ पत्ते मात्र ओळखू येत नव्हते. कडा मऊ पडून काळवंडल्या होत्या, एका राजावर चहाच्या कपाचे वर्तुळ उमटले होते आणि खळीचे ठसे जागोजाग होते. हात धुण्याइतका धीर पुढे कुणाला उरला नव्हता, हे उघड होते. उलट्या रंगांच्या पानांना लाल पेन्सिलीने काठ ओढलेला होता, कारण दुर्रीने नव्वीला मारावे हे मेंढीकोटावर वाढलेल्या बायकांच्या लक्षातच राहत नव्हते. तो काठ मी छापील पत्त्यांवर तसाच ठेवला आहे.

मी विचारले, ‘काकू, यातला कोणता?’ आपण पुठ्ठ्याची एक कातरण माझ्यापुढे सरकवलीत आणि कटिंग मशीनकडे वळलात. त्या तुकड्यावर मधोमध उभी रेघ, एका बाजूला ‘आम्ही’, दुसऱ्या बाजूला ‘तुम्ही’ आणि खाली पाच-पाच रेघांचे गठ्ठे. मी मोजले: २३ आणि १९. जेवणाच्या सुट्टीतले ४२ डाव.

किल्ल्यांचा खेळ बाजूला ठेवताना जीव तुटला, हे नाकारत नाही. दोन पावसाळे मी त्यात घातले होते. पण ती कातरण पाहिल्यावर विचार करण्यासारखे काही राहिले नाही. माझी आजी दुसऱ्याचे पुस्तक वाचायला घेताना हात पुसून घेत असे आणि चुकून पाय लागला तर नमस्कार करत असे. परक्याच्या कष्टाला आपला मळ लागू नये, एवढेच त्यामागे असावे. ही चाड बाळगणारी माणसे मला सल्लागारांच्या वातानुकूलित खोल्यांत भेटली नाहीत. खळीच्या वासात भेटली.

येत्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत छापील डबा घेऊन येते. ती कातरण मात्र परत मिळणार नाही. ‘तुम्ही’च्या बाजूची शेवटची रेघ खोटी आहे, असा वाद आपल्याकडे अजून चालू असल्याचे कळते, त्याचा निकाल समोरासमोर लावू.

आपली कृतज्ञ,
तीन खेळांची पिशवी घेऊन आलेली मुलगी