राखीव पाणी आणि शार्कची ये-जा: काकांना पत्र

टाउन्सव्हिल, क्वीन्सलँड

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

"समुद्र राखीव केला, तरी शार्क का घटतात?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्रवाळावरचे करडे शार्क बराच काळ आपापल्या खडकाभोवतीच असतात. पण सगळेच नाही, आणि कायमही नाही. कोरल समुद्रातल्या ऑस्प्रे रीफ या प्रवाळ खडकावरचा एक शार्क मधलं खोल पाणी ओलांडून 134 किलोमीटरवर ग्रेट बॅरियर रीफला पोचला. ती नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. इथल्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा साधारण तिसरा हिस्सा 2004 पासून मासेमारीला बंद आहे. मात्र एका खडकावर बंदी आणि शेजारच्या खडकावर गळ, असं असेल तर इकडे राखलेला शार्क तिकडे मारला जातो. मादीला एका विणीत फार तर सहा पिल्लं होतात, तीही वर्षभर पोटात वाढवून. गेलेली संख्या लवकर भरून येत नाही.

म्हणून आधी ये-जा मोजावी लागते. त्यासाठी शार्क गळाने पकडतात. गळाची उलटी नखी आधीच दाबून सपाट करतात, म्हणजे तो सहज निघतो. शेपटीला दोराचा फास घालून शार्कला होडीच्या कडेला पाण्यातच उताणा करायचा. तसा धरला की तो निपचित पडून राहतो. पोटावर मधल्या रेषेच्या जरा बाजूला छोटी चीर, आत स्वतःच्या क्रमांकाचा सांकेतिक आवाज सोडणारा 16 मिलिमीटर जाडीचा ट्रान्समीटर, वर दोन-तीन टाके. तेवढा वेळ कल्ल्यांतून पाणी वाहतं ठेवावंच लागतं, नाहीतर तो गुदमरतो.

समुद्राच्या तळाशी बांधलेला रिसीव्हर काहीशे मीटरच्या आतला हा सांकेतिक आवाज टिपतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पट्टी सांगलीची पाणीपातळी सांगते, भिलवडीची नाही, तसंच हे.

घोळ होतो तो नोंदी वाचताना. रात्री नोंदी कमी झाल्या की शार्क बाहेर गेले असं वाटतं. पण प्रवाळातल्या कोळंब्यांची कडकड रात्री वाढते आणि तिच्यात ट्रान्समीटरचा आवाज बुडतो. यासाठी एक ट्रान्समीटर मुद्दाम जागेवर बांधून ठेवतात. त्याच्याही नोंदी रात्री घटल्या, तर दोष ऐकण्यात आहे. दोन शार्क एकाच क्षणी 'बोलले' तर दोन्ही संकेत बिघडतात, म्हणून प्रत्येक ट्रान्समीटर अनियमित अंतराने आवाज सोडतो. आणि एकच क्रमांक महिनोन्‌महिने, दिवसरात्र एकाच रिसीव्हरवर येत राहिला, तर बहुधा शार्क मेलाय किंवा ट्रान्समीटर गळून पडलाय. असा क्रमांक वगळला नाही, तर 'हा शार्क हलतच नाही' असा निष्कर्ष निघतो आणि राखीव क्षेत्र लहान आखलं जातं. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही.

करडा शार्क 2020 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. त्याच वर्षी 58 देशांतल्या 371 प्रवाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. जवळपास पाचव्या हिश्श्यावर शार्क दिसलेच नाहीत. मालदीवने 2010 मध्ये आपल्या सगळ्याच पाण्यात शार्कची मासेमारी थांबवली. हद्दीबाहेर जाणाऱ्या माशाला हाच उपाय मला पटतो. आपल्याकडे 2015 पासून शार्कच्या परांची निर्यात बंद आहे, पण मांसासाठीची मासेमारी चालूच आहे. मिरजेच्या बाजारात वीतभर मुशी, म्हणजे छोटा शार्क, दिसली, तर काकूंना म्हणावं घेऊ नका. ती अजून एकदाही व्यायलेली नसते.

पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला की मला कळवत जा. काकूंना नमस्कार.

आपला,
मंदार