सिंकच्या भरवशावर बॅकअप सोडू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या अनेक घरांत एकाचे दोन-तीन संगणक झाले आणि ते तसेच राहिले. हॉलमधला जुना डेस्कटॉप, मुलांचा लॅपटॉप, शिवाय कोणाच्या तरी नोकरीचा लॅपटॉप, असे चित्र कोथरूडपासून हडपसरपर्यंत सर्रास दिसते. मात्र सातबारा, आयकराची विवरणपत्रे, लग्नामुंजीचे फोटो यांची ताजी प्रत नेमकी कोणत्या संगणकावर आहे, हे घरातल्या एखाद्यालाच ठाऊक असते, नाहीतर कोणालाच नसते. मी घरूनच अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचे काम करते. लेखकांकडून येणाऱ्या ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम २ दुरुस्त’ अशा नावांच्या फाइली रोज हाताळाव्या लागत असल्यामुळे ‘सिंक’ (वेगवेगळ्या संगणकांवरच्या फाइली आपोआप एकसारख्या ठेवणे) आणि ‘बॅकअप’ (फाइलींची वेगळी राखीव प्रत) हा विषय मला महत्त्वाचा वाटतो आणि म्हणून हे पत्र.

पेनड्राइव्हवरून फाइली इकडून तिकडे नेणे किंवा स्वतःलाच ईमेल करणे, ही पद्धत अजूनही बरीच प्रचलित आहे. तिच्यातली अडचण मूलभूत आहे. एक फाइल डेस्कटॉपवर आहे आणि लॅपटॉपवर नाही, एवढेच कळले तर ती डेस्कटॉपवर नव्याने तयार झाली की लॅपटॉपवरून कोणी मुद्दाम काढून टाकली, हे केवळ दोन फोल्डर शेजारी-शेजारी ठेवून ठरवता येत नाही. त्यासाठी मागच्या वेळी दोन्ही फोल्डर जुळले तेव्हा त्यांत काय होते, याची तिसरी नोंद लागते. ‘युनिसन’ आणि ‘सिंकथिंग’ यांसारख्या सिंक करणाऱ्या मोफत, मुक्तस्रोत प्रणाली अशी नोंद ठेवतात. पेनड्राइव्ह ती ठेवत नाही, आणि आपण डोक्यात ठेवू म्हणावे तर आठवड्याभरात गोंधळ होतो.

फाइलीच्या तारखेवर विसंबणेही धोक्याचे आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, बहुधा सीआर २०३२ क्रमांकाची. ती संपली की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. त्यानंतर इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होण्यापूर्वी सेव्ह केलेल्या फाइलीवर जुनी तारीख पडते आणि ‘नवी प्रत ठेवा, जुनी पुसा’ असे सांगितलेला संगणक आजचे काम जुने समजून पुसून टाकतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची रीत असलेल्या आपल्या शहरात हा प्रकार दुर्मिळ नाही. बॅटरी अगदी स्वस्त असते आणि कोणत्याही संगणक दुरुस्तीच्या दुकानात मिळते. सिंकची कोणतीही सोय बसवण्याआधी ती बदलून घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन.

सिंकथिंग वापरल्यास फाइली कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर साठवल्या जात नाहीत, घरच्या वायफायवरून थेट या संगणकावरून त्या संगणकावर जातात. दोन्ही ठिकाणी एकच फाइल बदलली गेली असेल तर सिंकथिंग एका प्रतीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द आणि तारीख-वेळ घालून ती वेगळी ठेवते, म्हणजे कोणाचेही काम गुपचूप नाहीसे होत नाही. अट एवढीच की दोन्ही संगणक कधीतरी एकाच वेळी सुरू असले पाहिजेत. वडील सकाळी डेस्कटॉप वापरतात आणि मुलगी रात्री लॅपटॉप उघडते, अशा घरात त्यांची गाठच पडत नाही. तिथे फाइली कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणारे गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह सोयीचे ठरते, पण मोफत जागा मर्यादित असते: गूगलची १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसह, आणि वनड्राइव्हची ५ जीबी. जागा भरली की नव्या फाइली वर चढणे थांबते आणि सूचनेकडे दुर्लक्ष झाले तर ते महिनोन्महिने लक्षात येत नाही. नोकरीच्या लॅपटॉपला मात्र घरच्या सिंकमध्ये मुळीच घेऊ नये. त्यावरील माहिती कंपनीची असते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. ‘कऱ्हाड’ किंवा ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांवर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) म्हणून. मॅकची जुनी फाइलपद्धती नावातले असे अक्षर फोडून साठवत असे, विंडोज ते जसे टंकले तसेच ठेवते. परिणामी फोल्डरमध्ये ‘कऱ्हाड अहवाल’ नावाच्या दोन फाइली दिसतात, डोळ्यांना तंतोतंत सारख्या, पण संगणकाच्या लेखी वेगळ्या. सिंकथिंगमध्ये नावांचे हे रूप आपोआप एकसारखे करण्याची सोय आहे, साध्या कॉपी-पेस्टमध्ये ती नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या मजकुराची गत निराळी आहे. फाइल दुसऱ्या संगणकावर सुखरूप पोहोचते, पण तिथे तो फाँट नसेल तर तिच्यातले एक अक्षरही वाचता येत नाही. असा मजकूर वेळीच युनिकोडमध्ये आणून घेणे हाच उपाय आहे. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीचे चालू फोल्डर तर सिंकमध्ये कधीच टाकू नये, कारण प्रणाली उघडी असताना त्यातल्या काही फाइली नव्या आणि काही जुन्या पोहोचल्या की सगळाच हिशेब बिघडू शकतो. टॅलीतूनच बॅकअप घ्यावा आणि ती फाइल सिंक करावी.

हे सगळे नीट जमवले तरी खरी चूक पुढे होते, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठीच लिहिले आहे. फाइली दोन-तीन संगणकांवर आहेत म्हणजे त्या सुरक्षित आहेत, असा समज सार्वत्रिक आहे. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबात मुलाने लॅपटॉपवर जागा करण्यासाठी जुन्या फोटोंचा फोल्डर काढून टाकला, कारण ‘आईच्या संगणकावर आहेतच’ अशी त्याची खात्री होती. सिंकने आपले काम चोख केले आणि आईच्या संगणकावरूनही ते फोटो काढून टाकले. ही गोष्ट कळेपर्यंत बराच काळ लोटला होता. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, पुढे ती कायमची जाते. खंडणीखोर व्हायरसने एका संगणकावरच्या फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद प्रतीही सिंकमार्फत दुसरीकडे पोहोचतात. म्हणून महिन्यातून एकदा तरी बाह्य हार्डडिस्कवर वेगळी प्रत घ्यावी, ती झाल्यावर डिस्कची वायर काढून ठेवावी आणि शक्य असल्यास अशी एक डिस्क दुसऱ्या घरी, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी. सिंकथिंगमध्ये पुसलेल्या वा बदललेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची सोय आहे, पण ती आपण स्वतः सुरू करावी लागते. ती जरूर करावी, मात्र वेगळ्या डिस्कची जागा ती घेऊ शकत नाही.

माझी विनंती दोघांना आहे. एमएस-सीआयटी शिकवणाऱ्या केंद्रांनी विद्यार्थ्यांकडून एक फाइल दोन संगणकांवर सिंक करून, मुद्दाम पुसून, मग बॅकअपमधून परत आणण्याचा सराव वर्गातच करून घ्यावा. आणि ३१ मार्च हा जगभर ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो आणि आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्षही संपते, तेव्हा आपल्या दैनिकाने मार्च महिन्यात या विषयावर मराठीत, चित्रांसह, पायरी-पायरीने समजावणारे एक पान द्यावे. कात्रण काढून संगणकाशेजारी चिकटवता येईल, एवढ्या मोठ्या अक्षरात ते असावे.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे