तुझा तास आधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलताना मोबाईल तू खांद्यात आणि कानात धरला होतास, हे आवाजावरूनच कळत होतं. मध्येच कपाटाचं दार आपटलं, मध्येच तू कुणाला तरी "ते इथे नको, आत ठेव" म्हणालीस. तब्येतीचं विचारलं तर म्हणालीस, "एकदा सण होऊन जाऊ दे आई, मग बघते माझं." ते वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

सण झाल्यावर वेळ मिळत नाही गं. पाहुण्यांचा निरोप, आवराआवर, चादरींचा ढीग, ऑफिसची तुंबलेली कामं, हे सगळं रांगेत उभंच असतं. काम हाती असेल तेवढ्या वेळात पसरत जातं, असं सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५५ साली सरकारी कचेऱ्यांबद्दल लिहिलं होतं. मला ते कचेरीपेक्षा घराला जास्त लागू वाटतं. दोन दिवस असले की साफसफाई दोन दिवसांत उरकते, आठवडा असला की आठवडाभर पुरते. तेव्हा रोजचा तुझा एक तास आधी बाजूला काढ आणि उरलेल्या वेळात कामं बसव. ज्या कामांना जागा उरणार नाही ती यंदा होणार नाहीत. माळ्यावरचे डबे पाहुणे उघडून बघत नाहीत.

पण हा तास झोपेतून काढू नकोस. सगळे झोपल्यावर जागायचं किंवा पहाटे लवकर उठायचं आणि त्याला स्वतःचा वेळ म्हणायचं, हे मला पटत नाही. मोठ्या माणसाला रात्री निदान ७ तास झोप लागते. २००३ साली एका प्रयोगात लोकांना सलग १४ दिवस कमी झोपू दिलं. ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं लक्ष आणि आठवण इतकी ढासळली, की काही चाचण्यांत ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पंगतीला जाऊन बसले. त्यातली काळजीची गोष्ट म्हणजे आपलं काही बिघडलंय हे त्यांना स्वतःला फारसं जाणवतच नव्हतं. "मला सवय आहे" असं तू म्हणतेस तेव्हा मला हेच आठवतं.

अंथरुणावर पडल्यावरही डोक्यात यादी फिरत असेल तर ती कागदावर उतरव. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५७ तरुण-तरुणींपैकी काहींनी झोपण्यापूर्वी ५ मिनिटं पुढच्या दिवसांची कामं लिहिली, बाकीच्यांनी झालेली कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी जास्त तपशीलवार त्यांना आणखी लवकर.

यादी लिहिलीस की प्रत्येक कामापुढे नाव घाल, आणि दर ओळीला तुझंच नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात घरकाम आणि माणसांची देखभाल या बिनपगारी कामांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त कामं बायकाच करतात. शिवाय कुणाला काय लागेल, काय संपलंय, कोण किती वाजता पोचणार, हे लक्षात ठेवायचं काम सतत चालू असतं आणि खरा शीण त्याचाच येतो. म्हणून काम देशील ते पूर्ण दे, लक्षात ठेवण्यासकट. पाहुण्यांच्या झोपण्याची सोय जावईबापूंकडे दिलीस, तर गाद्या मोजण्यापासून चादरी घालण्यापर्यंत सगळं त्यांचं. मागून जाऊन चादर परत झटकून घालू नकोस. उशीचा अभ्रा उलटा घातला गेला असेल तर राहू दे तसाच. मुलांनाही एखादं काम सोपव, सावकाश करतील पण करतील.

आणि त्या तासाचं घरात सगळ्यांना स्पष्ट सांग. चोरून घेतलेल्या वेळात कान दाराकडेच लागलेले असतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, दार लावून घे. तुझी चित्रांची वही काढ, रंग वाळून गेले असतील तर नुसती पेन्सिल घे. काही काढावंसं वाटलं नाही तर आडवी पड. त्या तासात काय केलंस याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही, मलाही नाही. पहिले एक-दोन दिवस बाहेर भांडी वाजली की जीव वरखाली होईल, तरी उठू नकोस.

आम्ही येऊ तेव्हा मला पाहुणी म्हणून धरू नकोस. संध्याकाळी मुलांना मी बघेन, तेव्हाच तू खोलीत जा. आणि माझ्यासाठी काय आणायचं, बाबांना काय लागेल, अशा ओळी तुझ्या यादीत नक्की असणार. त्या आजच खोडून टाक. आमचं सामान आम्ही बरोबर घेऊन येतोय.

तुझी,
आई