परवाना पीक उभे असताना द्या

महोदय,
रानडुकरांच्या उपद्रवावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. ‘शेतकऱ्यांनी कायदा हातात न घेता रीतसर परवाना काढावा’ हा त्यातला सल्ला वाचून मनस्वी चीड आली. आम्ही परवाना मागतच नाही, असे लेखकांना कोणी सांगितले?

गेल्या वर्षी ऐन लोंबीवर आलेल्या भातात डुकरांचा कळप उतरला. डुक्कर नुसते खाऊन जात नाही. लोळून भात आडवे करते, लोंब्या चघळून चोथा टाकते, मेरा म्हणजे शेताचे बांध उकरून ठेवते. मळ्यातले पाणी फुटून खालच्या कोपऱ्यात गेले. सकाळीच सातबारा घेऊन वनकार्यालय गाठले. तिथले साहेब म्हणाले, “यावर बरीच नावे आहेत, सर्वांची संमतिपत्रे आणा.” कोकणात एकट्याच्या नावावर सातबारा कितीजणांचा असतो? आमचे निम्मे सहहिस्सेदार विरार-डोंबिवलीला. एक चुलते वारले, वारसनोंद अजून व्हायची आहे. त्यांची सही कुठून आणायची? कागद मुंबईहून फिरून येईपर्यंत उरलेसुरले भात कापून झाले होते.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाला धोका असेल तर शिकारीची परवानगी देता येते. मग ती पीक उभे असतानाच मिळायला नको का? केरळने 2022 मध्ये रानडुकरांबाबतचे हे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवले. आपल्याकडे निदान कसणाऱ्याच्या नावाचा ग्रामपंचायतीचा दाखला आणि जागेवरचा पंचनामा पुरेसा धरावा. जमीन कोण कसतो हे वाडीतल्या पोरालाही ठाऊक असते. आम्हाला डुकरांचा वंश संपवायचा नाही, वर्षभर पुरणारे भात घरात आणायचे आहे.

आणखी एक. परवाना मिळाला तरी बंदूक कुठे असते? 2024 च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, म्हणजे ऐन कापणीत. आमच्या गावातल्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका तेव्हा पोलीस ठाण्यात जमा होत्या आणि माणसे मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, पत्र्याचे डबे बडवत रात्र काढत होती. ज्यांच्यावर कसलाही गुन्हा नाही अशा शेतकऱ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नयेत. हा विषय आपल्या वार्ताहराने जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडावा, ही कळकळीची विनंती.

— एक शेतकरी, जि. रत्नागिरी