रावपुऱ्यातल्या 'रेसवाल्यांच्या हॉटेला'साठी आवाहन

स. न. वि. वि.

बडोद्याच्या रावपुऱ्यातले, घोड्यांच्या रेसचा नाद असलेल्यांचे ते चार बाकांचे चहाचे हॉटेल अखेर बंद झाले. पाटीवरचे नाव कुणालाच आठवत नाही, सगळे त्याला रेसवाल्यांचे हॉटेल म्हणत. मालकांच्या घरच्यांनी आमच्या वाचनालयाकडे दोन पेट्या सोपवल्या आहेत: जुनी रेसबुके (कोणत्या रेसमध्ये कोणते घोडे धावणार याची छापील पुस्तके), वर्तमानपत्रांची कात्रणे, भिंतीवरच्या तसबिरी आणि उधारीच्या वह्या. एका पेटीला वाळवी लागली आहे, म्हणून ही घाई.

गुजरातेत दारूबंदी, तेव्हा मुंबईसारखा बार इथे निघण्याचा प्रश्नच नव्हता. इथली बैठक चहा आणि सेवउसळीवर चाले. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मुंबईचा हंगाम, पावसाळ्यात पुण्याचा. विषय कधी संपत नसे. डर्बी, म्हणजे हंगामातली सर्वांत मानाची रेस, असली की दोघे-तिघे रात्रीच्या गाडीने मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जात आणि इतरांचे पैसेही खिशात घालून नेत.

बडोद्याला हा नाद वरूनच आला होता म्हणा ना. १९४३ची पहिली इंडियन डर्बी जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी आपल्या प्रतापसिंहराव महाराजांची. १९४५ साली त्यांनी विलायतेत एक शिंगरू २८,००० गिनींना घेतले. तो त्या काळचा विक्रमी भाव. आजोबांवरून त्याचे नाव ठेवले सयाजीराव, आणि १९४७ मध्ये त्याने आधी आयरिश डर्बी, मग इंग्लंडची सेंट लेजर मारली. पुढच्याच वर्षी महाराजांच्या माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज ही तिकडची मोठी रेस जिंकली. या सगळ्याच्या नोंदी तिकडे शाबूत आहेत. आपल्याकडे रेसकोर्स सर्कल हे नाव तेवढे उरले.

महाराजांच्या घोड्यांचा इतिहास सापडतो; दोन-पाच रुपये लावणाऱ्या कारकुनाचा, मास्तराचा सापडत नाही. घरात हा विषय निघतच नसे. मुलाला रेसचा नाद आहे म्हटले की ठरलेली सोयरीक मोडायची. आजोबा गेले की रेसबुके आधी रद्दीत जात.

पेटीतल्या पुण्याच्या एका रेसबुकात घोड्याला दिलेल्या वजनापुढे पेन्सिलीची खूण आहे आणि समासात हिशेब: दूध, वाणी, शाळेची फी. फीवर काट मारली आहे. भरली म्हणून की राहिली म्हणून, कळायला मार्ग नाही. उधारीच्या वहीत गिऱ्हाइकांची खरी नावे नाहीतच. 'विनवाले काका', 'जॅकपॉट', 'प्लेसवाले मास्तर' अशी खाती आहेत. घोडा पहिला नाही आला, दुसरा-तिसरा आला तरी थोडे पैसे सुटावेत म्हणून प्लेस खेळणारे हे मास्तर कोण, ते आम्हाला शोधायचे आहे. कुणाला ओळख पटत असेल तर जरूर कळवा.

जुगाराचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांच्या घरातले दागिने या नादापायी गेले, त्यांच्या आठवणी तर आधी हव्या आहेत. रेसकोर्सबाहेर लावलेले पैसे कायद्यात बसत नव्हते, हेही ठाऊक आहे. त्यामुळे सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीशिवाय कुठेही येणार नाही.

वाळवीचा बंदोबस्त, स्कॅनिंग आणि एक लोखंडी कपाट यांना साधारण ४५,००० रुपये लागतील. सभासदांनी काही रक्कम जमवली आहे, बाकीसाठी आपल्यासमोर हात पसरतो आहोत. शंभर रुपयेही चालतील. पैसे नसतील तर वेळ द्या: स्कॅनिंगला तरुण मुले हवी आहेत आणि वह्यांतली जुन्या वळणाची गुजराती वाचणारे कुणी ज्येष्ठ मिळाले तर फारच बरे. घरात रेसबुक, तिकिटे, फोटो निघाले तर आहेत तसे आणा. कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. मूळ वस्तू द्यायची नसेल तर स्कॅन करून तिथल्या तिथे परत देऊ.

वाचनालय रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडे असते. पेट्या पावसाळ्याआधी रिकाम्या करायच्या आहेत. देणगी रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

आपले,
कार्यकारी मंडळ