सुभेदार काका, तुमचा रुमाल आमच्याकडेच राहिलाय

सुभेदार काका,
साष्टांग नमस्कार.

आबांना जाऊन महिना झाला. फोनवर आभार मानायला गेले तर "ड्यूटी होती पोरी" म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

अंत्यविधीच्या दिवशी सकाळी भाऊ एका कार्यालयात जाऊन आला होता. आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या बटालियनचे, १९७१च्या डिसेंबरात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढलेले. शेवटची सलामी मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. तिथल्या माणसाचं उत्तर, "लढाईत गेलेत का? घरी वारलेल्यांना काही नसतं." नियम असेलही. पण हे सांगताना मोबाइलवरची नजर काढायला काय पैसे पडत होते?

दुपारी तुम्ही आलात, तिघा माजी सैनिकांना घेऊन. पोरांनी हौसेनं तिरंगा आणला होता. तुम्ही कुणावर खेकसला नाहीत. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी अंत्यविधीलाच तो अंगावर घालता येतो, केशरी पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी देण्याआधी काढून घ्यायचा, हे समजावलंत आणि घडी करून परत दिलात. मग आईला विचारलंत, "वहिनी, दादांची मेडलं कुठायत?"

ट्रंकेच्या तळाशी होती. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल', ७१च्या लढाईची, काळी पडलेली. तुम्ही चुलीपाशी उकिडवे बसलात, रुमालावर चिमूटभर राख घेतलीत आणि घासत राहिलात. बाहेर तिरडी बांधून तयार, भटजी घड्याळ बघतायत, सरपंच फोटोसाठी ताटकळलेले. तुम्हाला घाई नव्हती. अक्षरं वाचता येईपर्यंत घासलीत, मग आबांच्या डाव्या छातीवर लावलीत. दोनदा मागं सरून सरळ आहेत का पाहिलंत.

बिगूल नव्हता, बंदुका नव्हत्या. स्मशानात तुम्ही आबांचा नंबर, हुद्दा, नाव खणखणीत पुकारलंत. चौघांचे हात एकदम कपाळाला गेले. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" भाऊ तोवर रडला नव्हता.

अग्नीआधी मेडलं काढून आईच्या मुठीत दिलीत आणि तिची बोटं स्वतः मिटलीत. पेन्शनच्या कागदांसाठी नंतर किती खेटे घातलेत ते लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. आबांची तुमची तर ओळखसुद्धा नव्हती. अशी माणसं अजून आहेत, काका. खुर्चीवर क्वचित भेटतात, एवढंच.

रुमाल आईनं दोनदा धुतला. काळा डाग काही गेला नाही. घडी करून ठेवलाय, चहाला या आणि घेऊन जा.

तुमची,
आबांची थोरली